एकट्याची फळी

मित्रांनो, तुमचा चेंडू माझ्या खाली घरंगळत येतो आणि तुम्ही पोटावर सरपटत तो काढता, तेव्हा तुम्ही मला "तो गंजका डबा" म्हणता. मी ऐकलंय. राग नाही. पण डबा मी कधीच नव्हते. मी एक जुनी खाण्याची गाडी आहे. माझ्या पोटात शेगडी होती, फ्रिज होता, आणि माझ्या पाठीला एक फळी होती. त्या फळीवर जेवलेल्या एका माणसाची गोष्ट मला सांगायची आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जन्माने मी पावाची गाडी. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा पांढरीशुभ्र होते, आणि आठ वर्षं पहाटे बेकरीतून पाव भरून दुकानादुकानांत पोचवत होते. त्या कामात बरकत होती, पण बोलायला कोणी नव्हतं. पाव काही बोलत नाहीत. मग बेकरीने नवी गाडी घेतली, मला मागच्या अंगणात लावलं, आणि माझ्या टपावर कबुतरांनी संसार मांडला.

तिथून मला दादाने उचललं. दादा म्हणजे एका मोठ्या हॉटेलातला आचारी. वीस वर्षं त्याने दुसऱ्याच्या भटारखान्यात घाम गाळला होता. सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. दोघांना मूलबाळ नव्हतं. दादाने माझ्या कुशीला कापून मोठी खिडकी केली. मला काय वाटलं, ते विचारू नका. पण नंतर त्या खिडकीतून वारा आला आणि आठ वर्षांचा शिळ्या पावाचा वास निघून गेला, तेव्हा मी त्याला माफ केलं.

मोठ्या खिडकीला लांब फळी लावून झाली. चौघे-पाचजण उभे राहून खातील एवढी. मग दादाने मागच्या बाजूला, शेगडीच्या अगदी समोर, आणखी एक छोटी खिडकी कापली. तिला हात-सव्वा हाताची फळी ठोकली आणि तिच्यापुढे एकच स्टूल ठेवलं.

"हे काय? एकाच स्टुलाने धंदा होतो का?" वहिनी म्हणाली.

"हे एकट्या माणसासाठी," दादा म्हणाला. "हॉटेलात एकटा माणूस आला की आमचा व्यवस्थापक काय विचारायचा, माहीत आहे? 'किती जण?' तो बिचारा म्हणायचा, 'एकच.' मग त्याला बसवायचे हात धुवायच्या जागेपाशी, भिंतीकडे तोंड करून. चार खुर्च्यांचं टेबल एकट्याला कोण देतो? माझ्याकडे 'किती जण' विचारायचं नाही. आणि भिंतीकडे तोंड नाही. शेगडीकडे तोंड."

माझी जागा होती लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या आगाराबाहेर, पंक्चरवाल्याच्या दुकानाशेजारी. त्याच्याकडून वायर ओढून माझा फ्रिज चाले. आगाराबाहेर एकट्या माणसांना काय तोटा! परीक्षेला निघालेल्या मुली, बदलीच्या गावी चाललेल्या परिचारिका, औषधांच्या कंपन्यांचे विक्रेते, कुणाच्या तरी अंत्यविधीला पोचू न शकलेले. हॉटेलात त्यांना लोकांच्या नजरा खात. माझ्या मागच्या फळीवर ती येऊन बसत, पाठीवरची पिशवी छोट्या खिडकीतून आत देत, वहिनी ती खुंटीला अडकवी, आणि मग दोन्ही हात मोकळे ठेवून माणूस निवांत जेवी. कुणाला बोलायचं असेल तर दादा बोले. कुणाला नको असेल तर तो कांदा चिरत राही. हे त्याला बरोबर कळे. मलाही हळूहळू कळू लागलं. गप्प बसणारे लोक फळीवर कोपर जरा जोरात टेकतात.

आता काटेवाले.

काटेवाले म्हणजे दुकानांतले वजनकाटे तपासणारे गृहस्थ. गावोगाव एकटेच फिरत. हातात लाकडी पेटी, पेटीत पितळी वजनं, मखमलीच्या खोबणीत मांडलेली. दर दोन महिन्यांनी आमच्याकडे येत, आगारासमोरच्या लॉजवर आठवडाभर उतरत. नाकासमोर चालणारा माणूस. पहिल्याच दिवशी ते स्टुलावर बसले, समोर भाताचा वाडगा आला, आणि त्यांनी पेटीतून छोटा तराजू काढून भात चक्क तोलला!

दादा बघतच राहिला. "साहेब, भात आहे. सोनं नाही."

"मला लहानपणापासून साखरेचा आजार आहे," ते ओशाळून म्हणाले. "बारा वर्षांचा होतो तेव्हापासून सुई घेतो. जास्त खाल्लं तरी पंचाईत, कमी खाल्लं तरी पंचाईत."

दुसऱ्या दिवशी दादा बाजारातून एक लहान वाडगा घेऊन आला. काठोकाठ भरला की काटेवाल्यांना हवा तेवढाच भात त्यात मावे. त्यांनी तो एकदा तोलून पाहिला, मान डोलावली, आणि त्यानंतर माझ्या फळीवर तराजू कधी निघाला नाही. ते कुणाचंही वजन तपासल्याशिवाय मानत नसत, दादाचं मानलं. मला त्या वाडग्याचा फार अभिमान होता. अजून आहे.

लॉजवर फ्रिज नव्हता. त्यामुळे त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्याकडे राहू लागल्या. दादाने त्यासाठी एक पत्र्याचा डबा दिला, झाकणावर रंगाने "काटेवाले" लिहिलं, आणि डब्याची जागा ठरवली: फ्रिजच्या दारातला मधला कप्पा. सकाळ-संध्याकाळ ते जेवायला येत, डबा मागून घेत, फळीच्या आडोशाला वळून पोटाला सुई टोचत, डबा परत देत. मग जेवत.

माझा फ्रिज तसा लहरी, हे मी कबूल केलं पाहिजे. बेकरीतला जुना, दुसऱ्या हातचा. त्याचं बटण थोडं जास्त फिरलं की मागच्या भिंतीला बर्फ चढे. दादाने बटणाशेजारी वहिनीच्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. "या ठिपक्याच्या पुढे जायचं नाही," एवढंच तो म्हणाला होता. का, ते वहिनीने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. संसारात अशा पुष्कळ गोष्टी असतात, ज्या एकालाच माहीत असतात आणि दोघांचं भागतं.

मग एका थंडीत दादा गेला. शेगडी पेटवायला वाकला आणि तसाच बसला. माझ्याच फरशीवर. मी हॉर्नसुद्धा वाजवू शकले नाही.

वहिनी दहा-बारा दिवसांनी आली आणि तिने मला घासायला घेतलं. रडली नाही, घासत राहिली. तारेची घासणी घेऊन शेगडी, फळ्या, खिडक्यांच्या कडा, फ्रिज आतून-बाहेरून. दुःख घासून निघत असतं तर मी त्या दिवशी पुन्हा नवी झाले असते. निघाला तो एक लाल ठिपका. तिच्या लक्षातही आलं नाही.

तिने धंदा नेटाने चालवला. हाताला चव होतीच. मागची फळी तिने मोडली नाही. काटेवाले पहिल्यांदा आले तेव्हा शेगडीपाशी दादाची रिकामी जागा बघून स्टुलाशेजारीच थांबले. वहिनीने काही न विचारता लहान वाडगा भरला.

"वहिनी, मला आता इथे यायला जमेल असं वाटत नव्हतं," ते म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही नाही आलात तर हा वाडगा मी कुणासाठी ठेवू?" ती म्हणाली.

तेव्हापासून तिने त्यांचा जास्तच जीव लावून सांभाळ केला. नवऱ्याचा एवढा एकच माणूस तिच्यापाशी उरला होता.

त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर होता. माझा पत्रा दुपारी इतका तापे की टपावर कबुतर टेकत नसे. दोन दिवस लागोपाठ दूध फाटलं. वहिनीने वैतागून फ्रिजचं बटण पार शेवटच्या टोकाला फिरवलं. ठिपका असता तर थांबली असती. नव्हता.

रविवारी संध्याकाळी काटेवाले आले. डब्यात नव्या बाटल्या होत्या, महिन्याभराच्या. उघडलेली, संपत आलेली एक बाटली त्यांनी सोमवारपुरती खिशात ठेवली, कारण सोमवारी गाडी बंद असे. "फार ऊन आहे हो वहिनी. जपून ठेवा," ते म्हणाले. आता वहिनीने जपून कुठे ठेवलं? दारातल्या कप्प्यात तिला भरवसा वाटेना. दार सारखं उघडतं, हवा लागते. तिने डबा अगदी आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवला. जिथे सगळ्यात गार असतं तिथे. मटारच्या गोठवलेल्या पिशवीशेजारी.

सोमवार उजाडला, मावळला. मी बंद होते. माझ्या पोटात भिंतीवरून बर्फ पुढे सरकत आला आणि डब्याला चिकटला.

मंगळवारी सकाळी वहिनीने डबा ओढला तर तो निघेना. सुरीच्या टोकाने सोडवला. बाटल्यांमधलं औषध दगड झालं होतं. ती एक क्षण दचकली. मग तिने स्वयंपाकघरातली बाई जे करेल तेच केलं. पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि त्यात बाटल्या ठेवल्या. रोज सकाळी ती मटार असेच सोडवत असे. मटार गोठतात, वितळतात, मटारच राहतात. औषधही वितळलं. पूर्वीसारखंच पाण्यासारखं स्वच्छ झालं. तिने बाटल्या पदराने पुसल्या, डब्यात ठेवल्या आणि डबा दारातल्या कप्प्यात ठेवून दिला.

मित्रांनो, इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा भरवसा राहत नाही. दिसायला तसंच दिसतं, पण त्यातला जीव जातो. हे वहिनीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. काटेवाल्यांना माहीत होतं. आणि ते दहा मिनिटांतच स्टुलावर येऊन बसले.

"काय वहिनी, नीट राहिलं ना औषध?"

वहिनीचा हात डब्यावर थांबला. मी तिच्या पायाखालची फरशी. तिचा तोल या पायावरून त्या पायावर गेलेला मला कळला. तिला वाटलं, सांगावं. मग वाटलं, कशाला? भाऊजींनी एक गोष्ट जपायला दिली, तीही धड जमली नाही म्हणतील. दादा असता तर असं झालं नसतं म्हणतील. ते असं काही म्हणणारे नव्हते, पण लाज वाटली की माणूस समोरच्याच्या तोंडी आपलेच शब्द घालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने डबा पुढे केला.

"गारेगार आहे बघा," ती म्हणाली.

त्यांनी वळून सुई टोचली, डबा परत दिला आणि लहान वाडग्यातला भात जेवले.

बुधवारी त्यांनी जेवताना पाण्याचे दोन तांबे संपवले. गुरुवारी चार. तोंड सुकलं होतं, डोळे आत गेले होते. "ऊन बाधलं," ते म्हणाले. वहिनीने विचारलं, "साखर मोजायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. त्याच्या पट्ट्या संपल्यात." ते हसले. "लोकांचे काटे तपासतो आणि माझा काटा बंद! पुढच्या गावात घेईन."

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. मला ते दिसत होतं. ती शेगडीकडे वळे, पुन्हा त्यांच्याकडे वळे. रश्शाचा चमचा दोनदा खाली पडला. त्या दोन दिवसांत तिला पन्नास वेळा सांगता आलं असतं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा कठीण होत गेलं, कारण आता नुसतं "गोठलं होतं" सांगून भागणार नव्हतं; "आणि मी गप्प बसले" हेही सांगावं लागणार होतं.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. अर्धा वाडगा भात तसाच टाकला, आणि हे पहिल्यांदाच घडत होतं. मळमळतंय म्हणाले. पेटी उचलायला त्यांना दोन्ही हात लागले. वहिनी छोट्या खिडकीतून जवळजवळ बाहेर आली.

"भाऊजी, एक सांगायचं होतं."

त्यांनी मान वर केली. एवढ्या त्रासातही चेहऱ्यावर मिस्कील हसू होतं. "रश्शात मीठ जास्त झालं होतं, हेच ना? मी दादाला सांगणार नाही."

वहिनी हसली. त्या हसण्यात तिचं बोलणं वाहून गेलं. त्यांनी डबा घेतला, पेटी घेतली आणि ते आगाराच्या फाटकातून आत गेले. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, तोंडच नव्हतं. वहिनीला तर होतं. हे मी चिडून म्हणते. मी तिच्यावर फार दिवस चिडले होते.

मंगळवारी त्या मार्गावरचा वाहक चहा प्यायला आला. "तुमचे ते काटेवाले गेले की हो," तो म्हणाला. "पुढच्या गावात, लॉजवर. एकटा माणूस, दार बंद. मालकाला वाटलं झोपलेत. दुसऱ्या दिवशी दार फोडलं."

वहिनीने शेगडी बंद केली. उरलेला दिवस ती माझ्या फरशीवर बसून होती. बरोबर तिथेच, जिथे दादा बसला होता.

औषध गोठल्यापासूनच्या चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, एक बाई आली. पन्नाशीची, खांद्याला मोठी पिशवी. मोठ्या खिडकीकडे न जाता ती सरळ मागे आली आणि स्टुलाकडे बघत उभी राहिली.

"हीच ना ती फळी? मी त्यांची धाकटी बहीण."

वहिनीने तिला बसवलं. पिशवी आत घेतली, खुंटीला अडकवली. लहान वाडगा काढला, भरला, समोर ठेवला. बहिणीने वाडग्याला हात लावला नाही. पिशवीतून एक वस्तू काढून द्यायला सांगितली. पत्र्याचा डबा होता. झाकणावर दादाचं अक्षर.

"हा तुमचा. माझे भाऊ कुणाची टाचणीसुद्धा ठेवून घेत नसत. परत करायला आले." आत दोन बाटल्या अजून होत्या. मग ती एकदम बोलू लागली. "डॉक्टर म्हणाले, एक तर यांनी सुया घेणं सोडलं असेल, नाहीतर औषध कुठेतरी गोठलं असेल. मी म्हटलं, गोठेल कसं? त्या गाडीवर ठेवायचे ते. तिथल्या वहिनी जिवापाड जपतात. म्हणजे त्यांनी सोडलंच ना? एवढी वर्षं एकट्याने फिरायचं, एकट्याने जेवायचं... कंटाळले असतील. मी कधी म्हटलंसुद्धा नाही की माझ्याकडे राहायला या. रोज हाच विचार येतो. माझ्या भावाला जगायचं नव्हतं आणि मला पत्ताही नाही."

वहिनीसमोर मूठ झाकून ठेवायची सोय होती. बहीण जेवली असती, रडली असती, निघून गेली असती. दोन्ही बाटल्या कचऱ्यात गेल्या असत्या आणि या जगात ते फक्त मला माहीत राहिलं असतं, म्हणजे कुणालाच नाही.

वहिनीने दोन्ही हात छोट्या फळीवर ठेवले. तिच्या हातांचा भार मला जाणवला.

"त्यांनी एकही सुई सोडली नाही," ती म्हणाली. "रोज दोन वेळा. माझ्यासमोर. औषध माझ्याकडे गोठलं. मी ते कोमट पाण्यात सोडवलं आणि त्यांना दिलं. त्यांनी विचारलं होतं, नीट राहिलं का. मी हो म्हटलं."

आगारात एक गाडी आली, माणसं उतरली, पुढच्या खिडकीशी कुणीतरी चमचा वाजवला. वहिनी तिकडे गेली नाही.

"म्हणजे त्यांना जगायचं होतं," बहीण शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही..." तिने पुढचं वाक्य पुरं केलं नाही. ती उठली. वहिनीने पिशवी दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि वहिनीने माफी मागितलीही नाही. काही गोष्टी मागायच्या नसतात. भाताचा वाडगा भरलेला तसाच राहिला. त्यावर माशी बसली, तीही वहिनीने हाकलली नाही.

त्या महिन्याच्या शेवटी वहिनीने शेगडी आणि भांडी विकली आणि मला या वाड्यात आणून लावलं. फ्रिज कुणी घेतला नाही. तो अजून माझ्या पोटात आहे. दार उघडून बघा, बटण शेवटच्या टोकालाच आहे. लहान वाडगा तिने नेला. मागची फळी मात्र तिला उचकटता आली नाही. दादाने खिळे फार खोल मारले होते. परवा तुमच्यातली एक मुलगी खेळायला कुणी घेईना म्हणून त्या फळीवर कोपरं टेकून एकटीच बसली होती. मला बरं वाटलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला रंग लावू नका, माझ्यावर कुणी दया करा असंही मी म्हणत नाही. पण कुणी तुमच्या हाती काही जपायला दिलं आणि ते तुमच्याकडून बिघडलं, तर लगेच सांगा. वस्तू अजून समोर आहे, माणूस अजून समोर बसला आहे, तेवढ्यात सांगा. तो रागावेल. रागावू दे. रागावलेला माणूस दोन महिन्यांनी पुन्हा जेवायला येतो.

"भाऊजी, हे गोठलं होतं." चारच शब्द होते. ते मंगळवारी सकाळी म्हणायचे होते. वहिनी म्हणाली, पण तेवीस दिवसांनी, आणि तेव्हा स्टुलावर दुसरंच माणूस बसलं होतं.